ठकुबाईंच्या लिव्हरमधली पाण्याची पिशवी

“मी सुई घालणार नाही,” मी म्हणाले.

सरांनी ट्रे माझ्याकडे सरकवला होता. टेबलावर कासुर्डीच्या ठकुबाई झोपलेल्या. उजव्या बरगडीखाली आयोडिन लावून झालं होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. दौंडच्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्जन म्हणून लागून मला चार महिने झाले होते. सर म्हणजे मालक, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे.

“लिव्हरचं गळू आहे. अशी कितीतरी रिकामी केलीत मी.”

“सर, गळू असतं तर सोनोग्राफीत आत एवढ्या छोट्या छोट्या पिशव्या दिसल्या नसत्या. हे हायडॅटिड आहे.”

हायडॅटिड म्हणजे काय ते सांगते. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी आपल्या पोटात गेली की लिव्हरमध्ये पाण्याची पिशवी वाढते, वर्षानुवर्षं, न दुखता. ते पाणी पोटात सांडलं तर रिअॅक्शन येऊन पेशंट टेबलावरच जाऊ शकतो. वाचला तर पोटभर नव्या पिशव्या होतात. तयारी असेल तर काही पिशव्यांवर सुईनेही उपचार करतात. पण आधी गोळ्या लागतात, आत सोडायला जंत मारणारं औषध लागतं, आणि मोठ्या पिशवीच्या आत असं छोट्या पिशव्यांचं, म्हणजे तिच्या पिल्लांचं, लेंढार नसावं लागतं. त्या दिवशी यातली एकही अट पुरी होत नव्हती.

“चार महिन्यांची नोकरी, आणि मला शिकवतेस?”

“शिकवत नाही सर. नाही म्हणतेय.”

“ठीक आहे. मी घालतो.”

मी केसपेपर ओढला आणि माझा विरोध सहीनिशी लिहिला.  सर हात धुवायला गेले. तेवढाच वेळ माझ्याकडे होता.

बाहेर बाकावर ठकुबाईंचे सासरे, आबा, बसले होते. धनगर घर. आता शेती करत होते, तरी दारात मेंढरं आणि चार कुत्री होतीच. मी धोका सांगितला. आबा सरांच्याच बाजूचे निघाले.

“सुईनं भागतंय तर पोट कशापायी फाडायचं, बाई?”

मला रागच आला. मग सुचलं. बकऱ्याच्या लिव्हरला हे लोक काळीजच म्हणतात. “आबा, बकरं कापल्यावर काळजात कधी पाण्याची पिशवी सापडते?”

“सापडती की. लई येळा.”

“मग काय करता?”

“तेवढा तुकडा अलगद काढायचा आन् कुत्र्याला टाकायचा. सुरी लागू द्यायची न्हाई. फुटली म्हंजी समद्या मटनावर पानी उडतंय, मग त्ये कोन खानार?”

“तीच पिशवी ठकुबाईंच्या पोटात आहे. तिलाच सुई टोचणार आहेत.”

 आबा उठले आणि चपला काढून थेट आत शिरले. सर ग्लोव्हज घालत होते.

“डाक्टरसायेब, आम्ही मेल्या बकऱ्यात जपतो, आन् तुम्ही जित्या बाईला टोचता व्हय? ठिवा ती सुई!”

टेबलावरून ठकुबाई म्हणाल्या, “माजं पोट हाय. मलाबी इचारा की कुनीतरी.” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “ह्या बाईच्या हातनं करून घीन.” सरांनी ग्लोव्हज उतरवून ट्रेमध्ये टाकले आणि निघून गेले.

पंधरा दिवस गोळ्या दिल्या, मग ऑपरेशन केलं. लिव्हरचा भाग पिशवीसकट कापून काढता येतो, पण त्यात रक्त फार जातं आणि आमच्याकडे रक्तपेढी नव्हती. मी मधला मार्ग धरला. भोवती औषधात भिजवलेल्या पट्ट्या गच्च लावल्या, पाणी सक्शनने ओढलं, त्यात पित्त नाही हे पाहून जंत मारायला आत कडक मिठाचं पाणी भरलं आणि दहा मिनिटं थांबले. त्या दहा मिनिटांत भूलतज्ज्ञांनी बीपी किती वेळा मोजलं कोण जाणे. मग आतला पांढरा पडदा पिल्लांसकट बाहेर आला, उकडलेल्या अंड्याच्या सालीखालच्या पापुद्र्यासारखा. उरलेल्या पोकळीत पोटातलीच चरबीची चादर भरली. एक थेंब सांडला नाही.

तरी पोकळीत ठेवलेल्या नळीतून आठ दिवस बाटलीत पित्त येत राहिलं. सर राउंडला बाटलीकडे बघून नुसतं “हं” करायचे. मला झोप लागत नव्हती. नवव्या दिवशी नळी कोरडी पडली.

घरी जाताना मी आबांना बजावलं, “यापुढे ती पिशवी कुत्र्यांना घालायची नाही. तीच खाऊन कुत्र्याला जंत होतो आणि त्याची अंडी तुमच्या पोटात जातात. खोल खड्डा करून पुरायची.”

“आन् दर येळी खड्डा कोन खांदनार?”

“तुम्ही,” ठकुबाई म्हणाल्या. सासऱ्यांच्या तोंडावर, डोक्यावरचा पदर ढळू न देता.

तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली. लिव्हर स्वच्छ. सर मात्र शेवटपर्यंत त्याला गळूच म्हणत राहिले. म्हणोत बापडे. मोठ्यांनी चूक कबूल करावी असा हट्ट मी सोडून दिला आहे. चूक होऊ दिली नाही, एवढ्यावर माझं भागतं.