पेंटर साहेबाचा वला हात

ग्रुपवरच्या समद्यांना सलाम. मी इथं नुसती वाचते, लिहीत न्हाई. वाचते आन आमच्या ह्यांना म्हनते, लोकांना कामधंदा न्हाई का काय... आमच्या घरात भूत, लागीर, उतारा कधीच मानलं न्हाई. माझा बाप म्हनायचा, अंधाराचं भ्या वाटलं तर बॅटरी घे, लिंबू नको. तशीच मी वाढले. आन आता बघा, मीच लिहाया बसले. शाळा आठवीतच सुटली माझी, चुकलं तर सांभाळून घ्या, पर ह्यात खोटं काय बी न्हाई.

आमचं गाव नेवाशाच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला. नाव न्हाई सांगत. गावाच्या शेवटाला आमचं दगडी देऊळ हाय — चर्चला आमी देऊळच म्हनतो. मागच्या दारानं तीन-चार पायऱ्या उतरल्या की शेजारच्या तात्यांचा ऊस लागतो, त्यो थेट नदीपतुर. दोन मान्सं एकावर एक उभी केली तरी दिसायची न्हाईत एवढा उंच. आन त्यात बिबट्याची मादी पिल्लं घिऊन ऱ्हाते, ह्ये समद्या गावाला ठाव हाय. उन्हाळ्यात तात्यांचं वासरू तिनंच नेलं.

देवळात पुलपिटाच्या, म्हंजी उपदेशाच्या कट्ट्याच्या वर एक चित्र हाय. अमेरिकेच्या पेंटरनं काढलेलं, लई जुनं. त्याची बहीन इथं मडमबाई हुती, पोरींची शाळा चालवायची, तिच्यासाठी त्यानं बोटीनं धाडलं हुतं. चित्रात रात हाय, चांद हाय, उंच उंच गवत हाय, आन एक मानूस पाठमोरा चाललाय. त्याचा एक हात मागं केलेला, कुनी तरी धरावा असा. पर हातात कुनी न्हाई. लहान असताना समदी लेकरं त्याला भेत्यात. 

ह्या चित्राची राखन आमच्या घराकडं हाय, आन ह्येचा मला लई अभिमान हाय, सरळ सांगते. माझ्या सासूची आजेसासू मडमबाईकडं आया हुती. तवापासून दर नाताळाच्या आदी आमच्याच घरची सून शिडीवर चढून जवसाच्या तेलाच्या बोळ्यानं चित्र पुसती. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. आन एक नेम — समदं पुसायचं, त्या मानसाचा हात तेवढा सोडायचा. लग्नानंतर पैल्यांदा पुसायला चढले तवा आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, खालून वरडल्या, "हात सोड त्यो! वला हाय!"

मी म्हनलं, "आत्या, शंभर वर्साच्या वर झालं, वला कसा आसंल?"

"मला काय इचारतीस? मला माझ्या सासूनं सांगितलं. तू तुझ्या सुनंला सांग."

मी बोट लावून बघितलं हुतं तवा. खडखडीत हुतं.

तर झालं असं की यंदा नाताळाच्या आदी मुंबईहून एक मॅडम आल्या, जुनी चित्रं नीट करायचं शिकलेल्या. देवळाच्या पाळकसाहेबांनी बोलवल्या. चित्राला भेगा पडल्यात, रंग खाली घसरत चाललाय. दुपारचा टाईम, आमचे हे टेम्पो घिऊन कोपरगावला गेल्ते. देवळात मॅडम, मी, आत्या, पाळकसाहेब आन माझी लेक सुवार्ता. चार वर्साची हाय. चित्राखाली बसून चिंचोके खेळत हुती.

मॅडम शिडीवर चढल्या, लॅम्प लावला, काडीला कापूस गुंडाळून ठिकठिकानी लावून बघितला. हात बी बघितला. हसल्या. "मावशी, हा तर दगडासारखा वाळलाय."

आत्या म्हनल्या, "तुमाला तसं वाटत आसंल."

मंग खाली उतरून मॅडम त्या पेंटरचं सांगाया लागल्या. आमाला एवढं कुठं ठाव? मी तोंडाचा आ करून ऐकत हुते. म्हनल्या, डोळ्यांना दिसतं त्ये काढनारे लई असत्यात, ह्यो मनात जे दाटलंय त्ये काढायचा. समुद्राकाठी एका खोलीत ऱ्हायचा. झाडलोट न्हाई, काय न्हाई, जिमिनीवर निजायचा. एकेक चित्र वर्सानुवर्स धरून बसायचा. रंगावर रंग, त्यावर राळ, मेन, तेल, हाताला येईल त्ये... मोठी मोठी मान्सं इकत घ्यायला यायची तर म्हनायचा, अजून झालं न्हाई. म्हनून ह्याची चित्रं भेगाळत्यात, वरचं वाळतं आन आतलं वाळत न्हाई.

मी म्हनलं, "अगं बया! आन असल्या मानसाचं चित्र आमच्या गावात!"

मॅडम म्हनल्या, "हो ना. आणि या हाताचं तर असं आहे, त्याला एक लहान मुलगी होती—"

लहान मुलगी म्हनल्याबरुबर मी सवयीनं मागं हात केला, सुवार्ताला जवळ घ्यायला. हाताला कायच लागलं न्हाई. 

चिंचोके पडलेले. मागचं दार उघडं. पायरीवर तिची एक चप्पल... आन उसाच्या कडंला दुसरी.

मला पुढचं धड आठवत न्हाई. मी वरडत उसात घुसले, पात्यांनी तोंड कापलं, कुनी तरी मागनं वढून भाईर काढलं. त्ये तात्या हुते. "येडी का काय तू? मादी हाय आत! तू आत घुसलीस तर ती बिथरून पोरीकडं जाईल!" पाळकसाहेबांनी घंटा धरली ती सोडंचना. तात्यांच्या पोरांनी फटाके आनले, ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला, बाया ताटं बडवत बांधावर उभ्या ऱ्हायल्या. आमच्याकडं असंच करत्यात, तीन बाजूंनी आवाज करायचा आन नदीची बाजू जनावराला मोकळी सोडायची. पर माझं लेकरू नदीकडं गेलं आसंल तर? समद्यांच्या तोंडावर त्येच हुतं. तात्या काठी घिऊन स्वता आत गेले, ऊस हलताना दिसायचा, मंग हलायचा थांबायचा, माझा जीव थांबायचा. उन्हं कलाया लागली. आत्या खाली मातीत गुडघ्यावर बसल्या, डोळं मिटून पुटपुटत ऱ्हायल्या. मी प्रार्थना बी केली न्हाई, नुसती उसाकडं बघत ऱ्हायले.

आन मंग ती आली.

पळत न्हाई. रडत न्हाई. सरीतनं सरळ चालत, एकटी, अनवानी. डावा हात वर केलेला, बाजूला, जसं आपन बाजारात लेकराचा हात धरून चालतो ना तसा. पायरीपाशी आली, थांबली, मागं वळून वर बघितलं आन म्हनली, "बस हितं. आता भिऊ नको."

मी झेप घातली. घट्ट धरली. ती म्हनती कशी, "आई, दुकतंय, सोड ना!"

"कुनाशी बोलतीस गं? कुनाला बस म्हनलीस?"

"त्या बाबाला. त्यो हरवला हुता. उसात रडत हुता. मी म्हनलं चल माझ्या आईकडं, तर त्यानं हात धरला."

"कुटं हाय बाबा?"

"ह्यो काय, बसलाय की!"

पायरीवर कोन न्हवतं. पन्नास-साठ मान्सं उभी हुती, समद्यांनी बघितलं. कोनीच न्हवतं. तात्या उसातनं भाईर आले, अंगभर घाम, म्हनले, "आरं, समदा ऊस तुडवला मी. ही हुती कुटं?"

मंग मॅडमचं ध्यान तिच्या हाताकडं गेलं. डावा पंजा काळाकुट्ट, तपकिरी, चिकट. चिखल म्हनून मी पदरानं पुसाया गेले, तर मॅडम वरडल्या, "थांबा!" वास घेतला. मी बी घेतला. जवसाचं तेल आन राळ. आन बघा, नुसत्या तळव्याला न्हवतं. हाताच्या वरच्या अंगाला बी हुतं, आन तिथं अंगठ्याचा ठसा. मोठ्या मानसाचा अंगठा. माझ्या दोन बोटांएवढा रुंद.

मॅडम पळत आत गेल्या, शिडीवर चढल्या. लॅम्प जवळ न्हेला, त्या हाताला परत कापूस लावून बघितला. मंग वरनंच हळू म्हनल्या, "मावशी... ओला आहे."

आत्या म्हनल्या, "सांगितलं हुतं न्हवं मी?"

सांजच्याला चा पिताना मॅडमनी ऱ्हायलेलं सांगितलं. त्या पेंटरची पोरगी समुद्राकाठच्या उंच गवतात गेली आन गावलीच न्हाई. कुनालाच न्हाई. तवापासून चित्र बोटीवर चढंपतुर त्यो ह्योच हात काढत बसला, खरवडायचा, परत काढायचा. ऐकलं आन मी सुवार्ताला जवळ वढलं. ज्याची पोरगी गेली त्यो दुसऱ्याच्या पोरीचा हात धरतो म्हंजी काय? त्याला माझी पाहिजे आसंल तर? मी उठले, पाळकसाहेबांना म्हनलं, "आत्ताच्या आत्ता गाडीत घाला त्ये चित्र. मुंबईला न्या, अमेरिकेला न्या, न्हाई तर मी जाळते."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मंग आत्या म्हनल्या, "सूनबाई, त्यानं तुझी पोर न्हेली का आनली, एवढं सांग मला."

मी तोंड उघडायच्या आत सुवार्ता बिस्कीट खात खात म्हनली, "त्यानं कुटं आनली? त्याला वाट ठाव न्हवती. मी आनलं त्याला."

पाळकसाहेबांना हसू फुटलं, आन त्यांचं बघून मला, आन मंग मला रडू आवरंना. चार वर्साची पोर हो! आत बिबट्या, वर एवढा ऊस, मोठी मान्सं बांधावर कापत उभी. आन ही आत एका रडत्या मानसाला म्हनती, चल माझ्या आईकडं. म्हंजी तिला वाटलं, आई हाय तिथं समदं नीट हुतं... माझ्यासारख्या आठवी नापास बाईबद्दल तिला एवढी खात्री. ह्ये मी मरंपतुर इसरनार न्हाई.

तरी भ्या गेलं न्हाई. दुसऱ्या दिवशी तिला काखंला मारून मी चित्राखाली उभी ऱ्हायले. म्हनलं, "साहेब, तुमी आमच्या देवळात मानाचे हाय, तसेच ऱ्हावा. पर ही माझी हाय. तुमची गावंल तवा गावंल. हिच्यावर डोळा ठेवू नका." आवाज लई मोठा निघाला माझा, मलाच कळलं न्हाई. मॅडमनी भेगा इथंच बसून भरल्या. हाताला त्यांनी काय केलं न्हाई, माझी हिंमत न्हाई म्हनल्या.

आता लोक काय काय सांगत्यात. पाळकसाहेब म्हनत्यात देवदूत. तात्या म्हनत्यात कुनी पूर्वज. आमचे हे म्हनत्यात शिडी लावलेली हुती, पोरगी चढली आसंल, लॅम्पच्या गरमीनं रंग पघळला आसंल. आसंल बाबा. पर शिडीची पैली पायरी तिच्या छातीला लागती, आन आमी समदे तिथंच उभे हुतो. आन त्यो अंगठा कुनाचा? मॅडमना फोन केल्ता परवा. म्हनल्या, मी लई जनांना इचारलं, अजून इचारतेच हाय. हाताचा फोटो माझ्या मोबाईलमधी हाय, इथं टाकनार न्हाई. लेकरू हाय माझं, तमाशा न्हाई. तुमच्यातल्या कुनाला काय ठाव आसंल तर सांगा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या.

रोज अंगनवाडीला तिला घिऊन जाते, वाट उसाच्या कडंनीच हाय. उजवा हात माझ्याकडं असतो. डावा कधी कधी ती आपसूक वर करती, उसाच्या अंगाला, आन दुसऱ्या कुनाच्या चालीनं हळू चालाया लागती. आदी मी त्यो हात वढून खाली करायचे. आता करत न्हाई. तिचा उजवा हात घट्ट धरते, आन मी बी हळू चालते.