हात लावून बघणाऱ्या सिस्टर

"बघू का जरा?" असं विचारल्याशिवाय आमच्या सिस्टर कुठल्याच पेशंटला हात लावत नसत. आणि हात लावल्याशिवाय पुढच्या खाटेकडे सरकत नसत. सोलापूरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नवीन लागले, तिथल्या बायकांच्या वॉर्डाच्या त्या इन्चार्ज. गाव मैंदर्गी, कर्नाटकच्या सीमेजवळचं. त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी यायचं आणि प्रत्येक पेशंट 'अव्वा', म्हणजे आई, व्हायची, मग ती विशीतली का असेना.

आम्हा नव्या मुलींचं काम ठरलेलं. ताप, बीपी, इंजेक्शन. पोट दाबून बघणं, छाती तपासणं ही डॉक्टरांची कामं, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्हीही पाहिलं असेल, नर्स पेशंटपेक्षा सलाइनच्या बाटलीकडे जास्त बघते. एकदा मी म्हणालेही, "सिस्टर, डॉक्टर तपासतातच की. आपण कशाला?"

"ते बघून जातात. आपण दिवसभर इथंच असतो की," त्या म्हणाल्या.

मंद्रूपची एक बाई तापाने ॲडमिट होती. मेंढरं राखणारी, सगळ्या वॉर्डाला हसवणारी. डॉक्टर आले की मात्र पदर घट्ट धरून म्हणायची, "मला काय न्हाय झालं." एका सकाळी सिस्टरांनी पडदा ओढला, मला आत घेतलं. "अव्वा, बघू का जरा?"

"बघायला मी काय लगनाची पोरगी हाय व्हय?"

"असलीस तरी पसंत आहेस."

बाई हसली, पदर सैल झाला. मेंढरांची चौकशी करत सिस्टर तपासू लागल्या. डाव्या स्तनाशी हात थांबला. गाठ होती.

"ही कधीपासून?"

"लई दिस झालं. सांगू कुनाला? घरात समदी गडीमानसं."

सिस्टरांनी तिचा हात धरला. "गाठ आहे एवढंच मला कळतं. कसली ते डॉक्टर सांगतील. मी तुझ्याजवळ उभी राहते." आणि राहिल्या.

कॅन्सर निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं, बाई परत मेंढरांमागे हिंडू लागली. तेव्हापासून सिस्टर तपासायला लागल्या की मी शेजारी जाऊन उभी राहायचे. पुढे पुढे त्या मलाच तपासायला लावून मागे उभ्या राहू लागल्या.

गेल्या वर्षी त्या रिटायर होऊन गावी गेल्या. परवा मंद्रूपची बाई तपासणीसाठी आली होती, ती वॉर्डात डोकावली. हातात शेंगाचटणीची पुडी.

"त्या बाई कुटं हायत?"

मी सांगितलं. ती आत आली. मग पुडी माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि रिकाम्या खाटेवर आडवी झाली.

"डॉक्टर म्हनले, समदं बरं हाय," ती म्हणाली. "तरी तुमी एकदा बघा."