अंगठा न देणारे व्याही

या, अशा जवळ सरका. लांबून ऐकलं की अर्धंच कानावर पडतं, आणि अर्धं ऐकून सगळं कळाल्यासारखी मान हलवायची तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे. गुडघ्याला तेल कुणी चोळलं असं विचारलं तर म्हणता, ‘होता एक जण, चांगला होता.’ कोण होता? कुठं शिकला होता? न्हाई माहीत! अहो, बाजारात मेथीची जुडी घेताना चारदा उलटीपालटी करून बघता आणि स्वतःचा गुडघा खुशाल कुणाच्याबी हातात देता? तुम्हाला एकदा आमच्या व्याह्यांसमोर उभं केलं पाहिजे. साऱ्या जालना जिल्ह्यात कागदावर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस झाला न्हाई, आणि पुढं होईल असंबी मला वाटत न्हाई.

व्याही म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली. काम एकच. भरलेल्या पिशवीला टॅग लागला का, ते बघायचं. वाण कोणता, लॉट नंबर काय, उगवण किती, तारीख कोणती. सगळं बराबर असलं की कोपऱ्यात आपला ठरलेला सातचा आकडा घालायचा, सही ठोकायची, पिशवी पुढं. काही कमी असलं की पिशवी बाजूला, मग समोर मालक उभा राहो की मालकाचा बाप. रिटायर झाल्यावर पिशव्या सुटल्या, पण नजर काही सुटली न्हाई. ती माणसांवर आली. माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं एक अक्षर विचारलं न्हाई. म्हणाले, “शाळा सोडल्याचा दाखला असंल तर बघू द्या.” दाखला पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरून शिक्का बघितला. आमचे हे तेव्हा होते, त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. तेवढ्यात व्याह्यांनी आपल्या पिशवीतून पोराच्या मार्कलिस्टा, लहानपणी टोचलेल्या लसींचं कार्ड आणि रक्तगटाचा कागद काढून आमच्यापुढं ठेवला. “आमच्याबी मालाचा टॅग बघून घ्या. उगं विश्वासावर घेऊ नका.” आता यावर माणूस रागवणार तरी कसा?

एकदा आमच्याकडं, शहागडला, पुतण्याची हळद होती. व्याही जीपच्या अड्ड्यावर आले आणि बसायच्या आधी ड्रायव्हरला म्हणाले, “लायसन दाखव.” जीप गच्च भरलेली, माणसं घामाघूम. ड्रायव्हर म्हणाला, “काका, बसायचं का न्हाई ते बोला.” व्याही म्हणाले, “लायसन दाखव, लगेच बसतो.” लायसनची मुदत दोन महिन्यांमागं संपल्ती. मंग काय, आमचे व्याही एसटीनं आले ते नवरदेव अंघोळ करून भांग पाडून राह्यला होता तेव्हा. हळद गेली, पण गंमत पुढंच आहे. महिन्याभरानं तोच ड्रायव्हर नवं लायसन घेऊन त्यांच्या दारात गेला, आणि यांनी ते वाचून त्याला चहा पाजला. असा हा माणूस. चिडून गेलेला माणूस दाखवायला परत यायचा.

तर अशा माणसाला दोन वर्षांमागं, दिवाळीच्या आधी लकवा मारला. सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचले. पाय पंधरा दिवसांत काठीवर आला, बोलणं आलं, पण उजव्या हाताची मूठ जी मिटली ती मिटलीच. मी लेकीच्या मदतीला जाऊन राहिल्ते, सगळं डोळ्यांनी बघितलं. डाव्या हातात चमचा धरायचे आणि जेवायला दाराआड बसायचे. बायकोला, म्हणजे आमच्या विहीणबाईंनासुद्धा समोर थांबू देत नव्हते. मी एकदा म्हणाले, “दादा, शहागडला चला चार दिवस. हवापालट होईल.” तर खाली बघत म्हणाले, “ईनबाई, तुमच्या घरी मी कधी चमच्यानं जेवलोय का? हातानं घास घेता आला की येतो. तोवर बोलवू नका.”

डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्युपेशनल थेरपी करा. म्हणजे घास घेणं, बटण लावणं, लिहिणं, अशी रोजची कामं हाताला परत शिकवायची, आणि ती जल्दी शिकवायची, कारण बोटं आखडली की मंग अवघड. त्याआधी शेजारच्या कुणीतरी एक मालिशवाला आणलाच. यांनी पडल्यापडल्या विचारलं, “नोंदणी कुठली?” तो म्हणाला, “आमची नोंदणी वरच्याकडं आहे, काका.” “मंग वरच्याच्या सही-शिक्क्याची झेरॉक्स घेऊन ये.” तो तेलाची बाटली घेऊन आल्या पावली गेला.

आणि मंग आली ती पोरगी. दोन घरं सोडून एक मारवाडी कुटुंब आहे, चार पिढ्यांपासून कापडाचं दुकान. त्यांची नवी सून. दिल्लीकडं शिकलेली, आणि नेमकी हीच थेरपी शिकलेली. व्याह्यांनी उशीला टेकून प्रश्न तयारच ठेवला होता. पण तिनं बसायच्या आधीच हात जोडले आणि म्हणाली, “काकाजी, पहिले एक सांगते. माझी नोंदणी दिल्लीच्या कौन्सिलमध्ये आहे, लग्नाच्या आधीच्या नावानं. महाराष्ट्रातली अजून व्हायचीय. ती आल्याशिवाय मी तुमच्या हाताला हात लावणार नाही.”

जन्मात पहिल्यांदा व्याह्यांनी विचारायच्या आधी कुणी उत्तर दिलं होतं. ते तिच्याकडं असे बघत राहिले, जशी काही देवळाबाहेर चप्पल जागच्या जागी सापडली! “बेटा,” म्हणाले, “काय काय कागद लागतात?” तिनं बोटांवर मोजून सांगितलं. पदवी, मार्कलिस्टा, इंटर्नशिपचा दाखला, लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचा कागद, दिल्लीच्या कौन्सिलचं ना-हरकत पत्र. एकेक नाव ऐकून यांच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. “फाईल मी लावून देतो!”

पोरगीबी पक्की. “आधी संभाजीनगरला जाऊन या. तिथं नोंदणीवाल्या ताई आहेत. मग कागद देते.” गेले. भिंतीवरचा त्या ताईंचा नोंदणीचा नंबर वाचून पसंत केला, त्यांनी दाबायला दिलेला मऊ चेंडू घरी आणला, दोन दिवस दाबला आणि पलंगाखाली ढकलला. “चेंडू दाबून कुणाचं भलं होतंय? परत जायचो न्हाई मी.” विहीणबाई रडल्या, पोरगा चिडला, त्या पोरीनं हजारदा समजावलं. पण बाजूला काढलेली पिशवी यांनी कधी परत घेतली होती, म्हणून चेंडू घेतील?

फाईल मात्र लावली. डाव्या हातानं, आठ दिवस खपून. क्रमानं कागद, प्रत्येकाला खूण, वरून अनुक्रमणिका, आणि शेवटी बियाण्याच्या पिशवीला मारतात तसा दोऱ्याचा टाका. पोरीला म्हणाले, “उघडू नको. थेट मुंबईला साहेबांसमोरच उघड.” तिनं त्यांच्या शब्दाखातर उघडली न्हाई, आणि तिथंच घात झाला. कारण पस्तीस वर्षांची सवय! प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात यांनी जांभळ्या शाईनं आकडा घातल्ता. झेरॉक्सवर घातला ते ठीक, पण मूळच्या पदवीवरबी घातला. डाव्या हाताचा, विंचवाच्या नांगीसारखा वाकडा सात.

ती मुंबईहून परत आली तेव्हा आम्ही सगळे बसलेलो होतो. तिनं लपवलं न्हाई. “काकाजी, पदवीवर खूण आहे म्हणून अर्ज थांबवलाय. ज्यानं खूण केली त्यानं प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग विचार करतील.” दुसऱ्यांचा माल बाजूला काढत आलेला माणूस, त्याच्या हातचा माल आज परत आला होता. त्या रात्री ते जेवले न्हाईत. एकदाच म्हणाले, “लेकराची भाकरी अडवली मी.”

सकाळी उठून वकिलाकडं. वकील भला माणूस, कागद टाईप करून म्हणाला, “काका, अंगठा लावा. अंगठा चालतो.”

“चालत असंल. मला न्हाई चालत.”

“डाव्या हातानं सही करा मग.”

“ती माझी सही न्हाई. चूक माझी आहे, तर सहीबी माझीच पायजे.”

आणि घरी येऊन माझ्या व्याह्यांनी पेनाला फडकं गुंडाळून जाड केलं आणि डाव्या हातानं उजव्या मुठीत कोंबलं. त्या दिवसापासून सव्वा महिना घरात दुसरं काही चाललं न्हाई. पेन पडायचं, उचलायचे. परत पडायचं, परत उचलायचे. जुन्या वह्यांवर नुसते नागमोडी ओरखडे. ती पोरगी रोज दुपारी येऊन समोर बसायची, हात पदरात घट्ट गुंडाळून. “बघणं गुन्हा नाही ना, काकाजी?” “बघ. पण हात लावू नको, तुझा नंबर यायचाय.” एकदा पेन चाळिसाव्यांदा घरंगळलं तेव्हा विहीणबाईंना राहवलं न्हाई. “अगं, दाब की जरा त्यांचं ते बोट! कोण बघायलंय?” तर ते आणि ती, दोघं एकदम ओरडले, “न्हाई!” विहीणबाई मला आत नेऊन म्हणाल्या, “दोघंबी सारखीच येडी आहेत बघा.” मी म्हणाले, “असू द्या. अशी येडी आता मिळत न्हाईत.”

मूठ आधी सैल झाली. मंग अंगठा आणि पहिलं बोट पेनाला चिमटीत धरू लागली. एके दिवशी वकिलाच्या टेबलावर त्यांनी सही केली, तिरकी, थरथरती, पण शेवटच्या अक्षराची शेपटी पहिल्यासारखी वर नेलेली. वकिलानं शिक्का मारायच्या आधी उठून त्यांना पाणी दिलं.

महिन्याभरानं पोरीचं नोंदणीचं पत्र आलं. ते ती सासरी दाखवायच्या आधी यांच्याकडं घेऊन आली. यांनी नाव वाचलं, नंबर वाचला, मुदत कोणत्या तारखेपर्यंत ते वाचलं, आणि मुदत वाढवायची तर मधल्या काळात शिकत राहिल्याचे दाखले लागतात हे कळल्यावर तिथंच दम दिला, “आत्तापासून गोळा करायला लाग.” मंग उजवा हात पुढं केला. “घे आता.” तिनं तो हात पहिल्यांदा हातात घेतला. एकेक बोट हळूच उलगडून बघितलं आणि चकितच झाली. तिचा चेहरा बघून व्याह्यांना एकदम संशय आला. “थांब. हे आधीच सुटलंय. म्हणजे तू नंबराच्या आधीच उपचार सुरू केल्ता?”

“मी काय केलं, काकाजी? तुम्ही माझं काम करत होता.”

“मंग कागदावर आजचीच तारीख टाक. पहिला दिवस आज.”

तिनं टाकली. आणि विचारलं, “आता सांगा, या हातानं काय करायचंय?” मी दारातच उभी होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “शहागडला जेवायचंय.”

मंग तिनं त्यांना कणीक मळायला लावली, भाकरी मोडायला लावली, ताटातले ज्वारीचे दाणे चिमटीनं वेचायला लावले. आणि अक्षय तृतीयेला ते आले. मी भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी केल्ती. भात मुद्दाम पानात वाढला न्हाई, तर म्हणाले, “ईनबाई, भात लपवलात का?” भात आणला. सगळ्यांची पानं उठली तरी ते जेवतच होते. शितं सांडत होती, मी बघत नव्हते, आणि मी बघत न्हाई हे त्यांना कळत होतं. शेवटचा घास घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि हसले.

आता त्यांचा पाय थकलाय. लांबचा प्रवास सोसत न्हाई म्हणतात, येतो येतो म्हणून दोनदा राहिलं. बोटंबी थंडीत आखडतात, असं लेक सांगते. हे सारं मी लिहूनबी काढलंय, ते त्यांच्या हाती पडलं तर ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणार, म्हणून इथंच लिहिते. दादा, तुम्ही या. घास सांडू दे, उशीर लागू दे, मी ताटावर बसून राहीन. भात मऊ करते. पण जल्दी या.