सुनेचा गळा

आमच्यात लग्न भटजी लावत नाही. धवलेरी बाई गाऊन लावते. तिची गाणी झाली नाहीत तर लग्न झालंच नाही. माझी सून धवलेरी आहे, माझ्या बायकोच्या हाताखाली शिकलेली.

गेल्या वर्षी तिचा आवाज फाटला. बोलायला गेली की आवाजापेक्षा हवाच जास्त यायची. मला न विचारता ती शनिवारी एसटीनं जव्हारला एका गाण्याच्या बाईकडे जाऊ लागली. आणि घरी येऊन काय, तर पेल्यातल्या पाण्यात पपईचा पोकळ देठ घालून बुडबुडे काढत बसायची! मी पेटलो. दुसरीतून शाळा सोडलीय मी, पण भजनाला उभा राहिलो की पल्याडच्या पाड्यावर ऐकू जातं.

"मामा, बाई सगळ्यांनाच हे करायला लावतात."

"म्हैस पाण्यात बसली की पण बुडबुडे येतात. गाते का ती?"

ती हसली आणि परत फुंकायला लागली.

पुढच्या शनिवारी तिच्या मागोमाग जव्हारला भांडायलाच गेलो. खोलीत सिनेमाची गाणी म्हणणारा पोरगा, दोन भजनी, एक कव्वालीवाला, सगळे पेल्यात फुंकताहेत. बाई माझ्या मुलीच्या वयाची.

"हिची गाणी येतात तुम्हाला?" मी विचारलं.

"एक ओळ येत नाही, बाबा."

"मग शिकवता काय?"

"गाणं ज्याचं त्याचं. मी गळा बघते, फुंकून तो मोकळा होतो. या पोराच्या तोंडाशी माईक, त्याला हळू गायला लावते. भजन्यांना दम वाढवायला. हिनं गायचं शेजारी बसलेल्या नवरीसाठी. मग ही ओरडते कशाला? पुन्हा तशी ओरडली तर आवाज कायमचा जाईल."

परतीच्या एसटीतही माझं डोकं तापलेलंच. ओरडते कशाला? मांडवाला खेटून डीजेचे बॉक्स रचतात म्हणून! नवरी हळद लावून बसलीय, लग्नाची गाणी चाललीत, आणि यांचं धडधड धडधड. वर बाप्ये बाहेरून सांगणार, "धवलेरी, मोठ्यानं!"

वैशाखात गावातच लग्न निघालं, तोवर सुनेचा आवाज परत आला होता. सून मांडवात बसली, बाहेर बॉक्स सुरू. मी आत जाऊन सांगितलं, "तोंड उघडायचं नाही." ती गप्प. बायका गप्प. लग्न अडलं.

नवरदेवाचा काका धावत आला. "म्हाताऱ्या, मुहूर्त चाललाय!"

"बॉक्स बंद कर."

"पोरं ऐकत नाहीत."

"मग त्यांनाच सांग लग्न लावायला."

शिव्या झाल्या. एकानं माझी बंडी धरली. मी डीजेचा जनरेटर बंद केला आणि त्याच्यावर बसलो. बूड भाजत होतं, पण उठलो नाही.

आत गाणं सुरू झालं. पोरं भोवती उभी, तोंडं लांब.

"आजा, किती वेळ?"

"ती थांबेपर्यंत."

"आणि ती रातभर गायली तर?"

"तर घोंगडी आणून दे."