ज्याच्यावर आळ, त्यानं यंत्र निवडायचं

तात्यांसमोर वडापाव आला की ते तो मोडायचे आणि दोन्ही तुकडे माझ्यापुढे धरून म्हणायचे, "उचल." मोडणाऱ्यानं आधी उचलायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्याकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो, म्हणजे वाटे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. बाकीचे लोक ही रीत आयुष्यात एकदा वापरतात. तात्यांनी ती खाण्यापिण्यालाही लावली होती. भुकेच्या वेळी समोरचा माणूस दोन तुकडे धरून आपल्या तोंडाकडे बघत बसला की वैताग येतो. मी म्हणायचे, "द्या हो कुठलाबी, पोटात जाऊन एकच व्हनार." तर म्हणायचे, "पोटाचं न्हाई गं मंदा, मनाचं बघतोय."

पुणतांब्यात त्यांचं पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, भुसा. पुढं काउंटर, मागं गोडाऊन आणि दोन्हींच्या मधल्या दाराशी तात्यांची लाकडी खुर्ची. माझा नवरा गेला त्या वर्षी मी तिथं बिलं करायला बसले आणि तिथंच माझे केस पिकले. मी तोंडाची फटकळ. दुसऱ्या कुणी मला चार दिवसांत घरी बसवलं असतं. तात्या म्हणायचे, "भांडणारं माणूस बरं. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

त्यांच्या आठवणीची तर गावात ख्याती होती. कुणाची गाय कधी व्याली, कुणाच्या म्हशीला सरकी सोसत नाही, सगळं तोंडपाठ. गडी पेंड मागायला आला की हे विचारणार, "तुझी तांबडी आटली ना रं? मग पेंड कशाला नेतो, भरडा ने." गिऱ्हाईक स्वस्तातला माल घेऊन जायचं आणि मी कपाळावर हात मारायचे. असं दुकान चालवून कुणी बंगले बांधत नाही. तात्यांनीही बांधला नाही.

मग गोडाऊनमधली पोती कमी भरायला लागली. बिलात एक आकडा, मोजली की दुसरा. पहिल्यांदा वाटलं उंदीर, मग वाटलं गाडीतूनच कमी उतरली असतील. तात्यांचा मुलगा बाळासाहेब पुण्यात नोकरीला. तो सुट्टीला आला, त्यानं स्वतः पोती मोजली आणि गोडाऊनमध्ये बापाला हळूच म्हणाला, "बिलं कोण करतं? घरातलं माणूस नाही ते, तात्या. जरा लक्ष ठेवा." हळूच बोलला, पण मधल्या दाराला कवाड नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तशीच आत गेले आणि म्हणाले, "नाव घेऊन बोला." तो परत पोती मोजायला लागला. मी तात्यांना सांगितलं की उद्यापासून मी येत नाही.

तात्या म्हणाले, "आळ घेऊन गेलीस तर गाव म्हनंल, पकडली म्हनून गेली. आधी आळ उतरू दे. मग खुशाल जा."

खरं होतं ते. गावात एकट्या बाईजवळ नावाशिवाय दुसरं असतं काय? मी थांबले, ते केवळ नाव धुऊन घ्यायला.

बाळासाहेब म्हणाला, कॅमेरे बसवू. तात्यांनी थोडा वेळ विचार केला आणि वडापाव मोडावा तसा निकाल दिला. "ज्याच्यावर आळ, त्यानं यंत्र निवडायचं. ज्याला संशय, त्यानं कॅमेऱ्याच्या जागा ठरवायच्या. पासवर्ड हिच्यापाशी ऱ्हाईल." बाळासाहेबाचा चेहरा उतरला. "अहो तात्या, चोराच्या हातात किल्ली दिल्यासारखं होईल." तात्या म्हणाले, "चोर ठरली का ती? मग? रीत ती रीत."

झालं. ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. त्या कॅमेऱ्यांनी मला जेवढं दमवलं तेवढं सासरनंही दमवलं नव्हतं. एसटीनं श्रीरामपूरला जायचं, कॅमेरेवाल्याच्या दुकानात बसायचं, तो बोलायला लागला की माना डोलवायच्या. चार कॅमेऱ्यांचं घ्या, आठांचं घ्या, वायरवालं घ्या, नेटवरचं घ्या. इकडं बाळासाहेब रोज मोबाईलवर नवीन व्हिडिओ पाठवायचा, हे बघा, ते बघा, रेकॉर्डिंग परस्पर इंटरनेटवर जाईल असं बघा. आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे वारा सुटला की गेलं. त्याच्या भरवशावर मी माझी अब्रू ठेवू?

तात्या माझ्याबरोबर यायचे आणि स्टुलावर बसून मोजकंच विचारायचे. कॅमेरेवाला म्हणाला, तुमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्येच सॉफ्टवेअर टाकून देतो, वेगळी पेटी नको, स्वस्तात होईल. मला ते पटलं होतं. तात्या म्हणाले, "त्या कॉम्प्युटरवर ही बिलं करती. उद्या म्हनतील हिनंच पुसलं. निराळी पेटी दे, कुलपात ठेवू." मग डीव्हीआरची पेटी ठरली. राहिली हार्ड डिस्क. लहान घेतली तर थोड्या दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं भरतं, मोठी घेतली तर महिना निघतो. मी म्हटलं, सगळ्यात मोठी द्या, आणि घरच्या कॉम्प्युटरची नको, कॅमेऱ्यासाठीची असते ती द्या. काहीसुद्धा पुसलं जायला नको होतं मला. तात्या हसले. "म्हयनाभराचं कोन बघत बसनार गं?" मी म्हटलं, "मी बघंन."

कॅमेऱ्यांच्या जागा बाळासाहेबानं दाखवल्या. एक फाटकावर, एक गोडाऊनमध्ये, एक मधल्या दारावर आणि एक थेट माझ्या तोंडासमोर. मी तो कॅमेरा लावून घेतला आणि त्याच्याकडे बघून डबा उघडून जेवले.

पहिले काही दिवस रात्रीचं रेकॉर्डिंगच सापडेना. कॅमेरेवाल्याला बोलावलं, त्यानं पेटी खोलली, वायरी तपासल्या, सगळं ठीक. संध्याकाळपर्यंत थांबला तेव्हा उलगडा झाला. दुकान वाढवताना तात्या उदबत्ती ओवाळायचे, मेन स्विच खाली ओढायचे आणि त्याला नमस्कार करून कुलूप लावायचे. शॉर्टसर्किटच्या भीतीनं त्यांच्या वडिलांपासून तसंच चालत आलेलं. रात्रभर पेटी मेलेलीच. कॅमेरेवाला डोकं धरून बसला. मग इन्व्हर्टरवरून निराळी लाईन ओढली. पुढं खंडेनवमीला तात्यांनी वजनकाट्याबरोबर चारी कॅमेऱ्यांनाही हळदकुंकू लावलं, तेही नेमकं काचेवर. चोरावर देवीचाही डोळा असू दे म्हणाले. कॅमेरेवाला परत आला, काचा पुसल्या आणि चहासुद्धा न घेता गेला.

इकडं पोती कमी होतच होती. बाळासाहेबाला मी चालू चित्र त्याच्या मोबाईलवर जोडून दिलं होतं; तो आठवडाभर बघत बसला, चित्र अडकायला लागल्यावर कंटाळला. बघत राहिले ती मीच. सकाळी लवकर येऊन, तात्या यायच्या आत, आदल्या दिवसाचं सगळं पळवून पळवून बघायचं. पोती, माणसं, मोटारसायकली, परत पोती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

आणि एका सकाळी सापडलं. दुपारची वेळ होती. मी सासूला जेवायला घालायला घरी गेलेली, हमालही जेवायला गेलेला. एक गडी मोटारसायकल घेऊन आला. तात्यांनी त्याला हात लावून पोतं चढवून दिलं. तो उधारीच्या वहीकडं बोट दाखवून काही बोलला, लिहून ठेवा म्हणाला असणार. तात्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर येऊन बसले. वही शेजारी, पेन खिशात. कितीतरी वेळ समोर बघत बसले. त्यांनी लिहिलं नाही.

तात्या स्वतः माल देताना दिसले की आजवर मी पळवून पुढं जायचे; आता मागचे दिवस काढून नीट बघितले. तेच. माणसं निराळी, पोती निराळी, मान हलवणं तेच. एका दिवशी तर तात्या उठून रिकाम्या जागेपाशी गेले, तिथं पोतं नाही म्हणून चकित होऊन उभे राहिले आणि परत आले. ज्यांच्या आठवणीवर सगळं गाव विसंबून होतं, त्यांच्यावर संशय येणार कुणाला? त्यांना स्वतःलाही आला नव्हता. मी त्या काउंटरवर बसून रडले.

आता सांगा, काय करायचं? दाखवलं असतं तर माझं नाव त्याच क्षणी स्वच्छ. पण बाळासाहेब बापाला इथं एक दिवस ठेवणार नाही, हे दिसतच होतं. आणि दुकानाशिवाय तात्या म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरी जायचं सोडलं, सासूचं जेवण सकाळीच करून ठेवायला लागले. पोतं उठलं की मी लिहायचे. महिनाअखेर मोजलं तर पोती बरोबर.

माझ्या मेलीच्या हे लक्षातच आलं नाही की बरोबर भरणं हाच पुरावा होईल. बाळासाहेबाचा फोन आला तो मी शेजारी बसलेली असतानाच, तात्यांना फोनवर मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू जायचं नाही. "बघा, मी म्हटलं नव्हतं? डोक्यावर कॅमेरे आले आणि चोरी थांबली. आता तरी कळलं का कोण ते?"

मी बिल करत राहिले. तात्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. 

"त्यो एवढं बोलला, आन तू गप?"

"काय बोलायचं, तात्या."

"एवढ्या वर्सात तू कुनाचं ऐकून घेतलं न्हाई. माझं न्हाई, बाळ्याचं न्हाई. म्हंजी तुला चोर घावलाय. आन तू त्याला झाकायलीस." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "लाव ते."

मी नाही म्हटलं. तात्या म्हणाले, "यंत्र तू निवडलंस. पैलं उचलायचं मी. लाव."

मी लावलं. तात्या पुढं वाकून बघत होते. गडी आला, पोतं चढलं, मान हलली. "ह्यो मीच की," ते म्हणाले. मग पुढं काय होतंय याची वाट बघत राहिले. पडद्यावरचे तात्या नुसतेच बसून होते आणि इकडं हे तात्या बसून होते. शेवटी त्यांनी विचारलं, "लिवलं न्हाई व्हय मी?"

"न्हाई, तात्या."

"परत लाव."

तीनदा लावायला लावलं. नंतर त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि मलाच मुलाला फोन लावायला सांगितलं. "बाळा, चोर सापडला. उद्या ये. फोनवर न्हाई सांगनार." मी हातापाया पडले, म्हटलं नका बोलवू, आपण दोघं मिळून सांभाळू. ते म्हणाले, "तुझा आळ हाय तो. माझ्या बुद्धीपायी तू कशाला वागवायचा?"

बाळासाहेब आला. तात्यांनी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, माझ्याकडून रेकॉर्डिंग लावून घेतलं आणि स्वतः मागं उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "आता हिच्याकडं बघून म्हन, चुकलं." तो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला, त्याचे डोळे भरले होते. माझं नाव धुतलं गेलं, आणि मला एवढं रिकामं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तो तात्यांना पुण्याला घेऊन गेला. दवाखाने, तपासण्या, गोळ्या सुरू झाल्या. दुकान बाळासाहेबानं माझ्याच हवाली केलं. मी एकटी उघडते, एकटी वाढवते. गिऱ्हाईकं विचारतात, तात्या कधी येणार, आणि मी येतील म्हणते. रोज तेच बोलून जीभ थकते.

पुढच्या वर्षी दिवाळीला बाळासाहेब त्यांना घेऊन आला. अंगानं निम्मे झाले होते. मला ओळखलं, निदान माझ्या आवाजाला तरी ओळखलं. खुर्चीवर बसले, गोडाऊनकडं बघितलं, पोत्यांच्या थप्पीवर नजर फिरवली. बाळासाहेब माझ्या शेजारी उभा होता. मग तात्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मंदा, त्यो चोर सापडला का गं?"

 बाळासाहेबानं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "चोर नव्हताच कुनी, तात्या. नुसतं लिवायचं ऱ्हायलं हुतं."

"कुनाचं?"

"माझं."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, नवलही नव्हतं. माझा हात हातात घेऊन थोपटला.

"ऱ्हातं गं. मानूस हाय," ते म्हणाले. मग बाळासाहेबावरून नजर पुढं नेऊन फाटकाकडं एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकले. "बाळ्याला सांगू नगंस. त्यो उगं बोलंल तुला."