देव झाकून होणार होतं ते ऑपरेशन

चहा ओतलाच आहे तर ऐका. माझ्या थापांना तुम्ही सगळे सरावलेले आहात, म्हणून आधीच सांगतो, ही थाप नाही. पोटावर खुणा आहेत, शर्ट वर करून दाखवतो. नको? बरं, राहू दे, समोर फरसाण आहे.

तर झालं असं, की मी जगातला सगळ्यात घाबरट नास्तिक झालो. तोही मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये, स्ट्रेचरवर, पाठीमागून उघड्या गाऊनमध्ये!

माझ्या पित्ताशयात खडे निघाले. सोनोग्राफीवाल्याने असा चेहरा केला, की जणू माझ्या पोटात अख्खी दगडखाण सापडली. पित्ताशय काढावं लागेल म्हणाले, आणि काढणार कोण, तर डॉक्टर सामंत. बाई हुशार, हात हलका, आमच्या भागात सगळे त्यांचंच नाव घेतात. आमच्या सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नाव ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला. माझा मात्र आतच राहिला.

का? तर या बाईंचं मी भाषण ऐकलं होतं!

आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, एका रविवारी. 'विश्वापासून माणसापर्यंत' असा काहीतरी विषय. नंतर बटाटेवडे आहेत असं कळलं म्हणून मी गेलो. बाईंनी सुरुवात केली, की आधी एक महास्फोट झाला. मी म्हटलं, वा, सुरुवात तर झकास आहे. मग त्यांनी दिवे मंद केले, पडद्यावर तारे आले, पंखा बरोबर माझ्या डोक्यावर. माणूस किती वेळ तग धरणार, तुम्हीच सांगा? जाग आली तेव्हा पडद्यावर माकड होतं. मधली अब्जावधी वर्षं मी झोपेत काढली.

तेव्हा माझ्या डोक्यात विज्ञान बसलं ते असं: आधी स्फोट झाला, त्यातून माकडं बाहेर पडली, आणि त्यातल्या काहींची शेपटी गळून ती कामाला लागली. यात देव कुठेच नाही. म्हणजे बाई नास्तिक. आणि इतक्या शांतपणे बोलतात, म्हणजे कट्टर नास्तिक.

आता बघा, अशा बाईंच्या हातात सुरी आणि टेबलावर मी! माझ्या कमरेला करगोटा, दंडाला ताईत, गळ्यात गणपतीचं लॉकेट, मनगटाला गावच्या देवळातला दोरा. मी माणूस कमी आणि चालतंबोलतं देवघर जास्त. बाईंचं डोकं फिरणार नाही? आणि डोकं फिरल्यावर हात हलका कसा राहील?

सुनंदा म्हणाली, त्या पोट बघतील की दोरे बघतील? पण मी ठरवून टाकलं होतं. सुरी ज्यांच्याकडे, आपण त्यांच्या पक्षात. तिने गावाहून अंगारा मागवला होता, तोही मी तिला पर्समधून बाहेर काढू दिला नाही.

अॅडमिट झालो. संध्याकाळी बाई राउंडला आल्या. अगदी मऊ आवाजात विचारलं, भीती वाटतेय का, उद्या आत जाण्याआधी जप, प्रार्थना असं काही करायचं असेल तर सांगा, तेवढा वेळ आम्ही देतो. मी मनात म्हटलं, सापळा. परीक्षा बघतायत.

"छे हो, मॅडम. आम्ही त्यातले नाही. देवबिव सगळं थोतांड. स्फोट झाला, माकडं बाहेर पडली, विषय संपला."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठून बाहेर पडली?"

"स्फोटातून."

बाईंनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि तुमच्या मताचा आम्ही मान ठेवू म्हणून निघून गेल्या. मी खूश. पण लगेच सिस्टर आली आणि बोटाला टोचून साखर तपासून गेली. मग एक तरुण डॉक्टर आला. तुम्ही आत्ता कुठे आहात, आज वार कोणता, या शेजारी बसल्यात त्या कोण, असं सगळं विचारून गेला. तो गेल्यावर सुनंदा थेट मालवणीवर आली. ती रागावली की तिकडेच जाते.

"अहो, तुमचा डोक्या जाग्यार आसा मां?"

सकाळी वॉर्डातले मामा तयारी करायला आले. पोटावरचे केस काढायचे म्हणून गाऊन वर केला, तर करगोटा. मामा थबकले. कारण परब, म्हणजे मी, नास्तिक आहेत ही बातमी रात्रीतून चहावाल्यापर्यंत पोचली होती.

"नाडी आहे," मी म्हटलं. "गाऊन सैल होतो."

मग ताईत निघाला. म्हटलं, त्यात ब्लड ग्रुप लिहून ठेवलाय. लॉकेट बायकोचं, सांभाळायला दिलंय. दोरा मित्राने फ्रेंडशिप डेला बांधला. मामा प्लास्टिकच्या पिशवीत एकेक वस्तू टाकत होते, चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. शेवटी उशीखालून अंगाऱ्याची पुडी निघाली. सुनंदाने कधी सरकवली देव जाणे.

"आणि हे?"

"दंतमंजन."

मामांनी तीही टाकली.

स्ट्रेचर निघाला. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी भिंतीत एक कोनाडा, आणि त्यावर हिरवं कापड टाकलेलं. मी आपलं सहज विचारलं, मामा, हे काय झाकलंय?

"गणपती. मॅडम रोज इथे हात जोडूनच आत जातात. काल म्हणाल्या, उद्या झाका, पेशंट नास्तिक आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होईल." मामांनी चाकांना ब्रेक लावला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाकला बघा. तुमच्यासाठी."

पहिल्यांदाच! आणि माझ्याच वेळी! पोटातले खडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. वाट लागली, दुसरा शब्द नाही.

मी ताडकन उठून बसलो. पाठीमागून गार वारा लागला, पण लाज वाटायला वेळ कुणाला होता? आधी मॅडमना बोलवा म्हणून हटून बसलो. बाई हात धुवायला निघाल्या होत्या, तशाच आल्या. बरोबर भूल देणारे डॉक्टर जोशी, ताडमाड उंच.

"मॅडम, आज तुम्ही हात जोडलेत का?"

"परब, तुम्हाला बरं वाटावं म्हणून आज..."

"मला अजिबात बरं वाटत नाहीये. मी आस्तिक आहे. डोक्यापासून कमरेपर्यंत आस्तिक आहे, मामांना विचारा. तुम्ही नास्तिक, म्हणून मी झालो."

"मी? मी कधी म्हटलं असं?"

"भाषणात. स्फोट, माकडं..."

मास्कच्या वर बाईंचे डोळे हसायला लागले. "अहो, कसं घडलं त्याचं भाषण होतं ते. देव आहे की नाही, यावर मी चकार शब्द काढला नव्हता. आणि स्फोट आणि माणूस यांच्यात काही अब्ज वर्षं गेली. ती तुम्ही कुठे घालवलीत?"

"झोपेत."

"माकडाचा माणूस झाला, असंही मी म्हटलं नव्हतं. आपले आणि त्यांचे पूर्वज एक, एवढंच. चुलत भावंडं म्हणा."

उघड्या पाठीने स्ट्रेचरवर उकिडवा बसलेला माणूस यावर काय वाद घालणार? नातं दिसतच होतं.

तेवढ्यात जोशी खाकरले. "नास्तिक मी आहे. आणि ते उत्क्रांतीचं प्रकरण मला शाळेपासून पटलेलं नाही. आता माझ्या हातची सुई चालेल का?"

म्हणजे बघा! जिला उत्क्रांती पटते ती गणपतीपुढे हात जोडते, आणि जो हात जोडत नाही त्याला उत्क्रांती पटत नाही. माझ्या डोक्यातली सगळी मांडामांड कोसळली. म्हटलं, चालेल हो, कुणाचीही चालेल, आधी ते कापड काढा.

कापड काढलं कोणी, तर जोशींनी. उंच होते ना. बाईंनी हात जोडले, मी सलाइनसकट जोडले. तुम्हाला खरं वाटणार नाही, त्या क्षणाला भीती जी गेली ती गेलीच.

डोळे उघडले तेव्हा समोर सुनंदा. रडून झालेलं, आता ओरडायच्या तयारीत. इतका हलका मी लग्नातही नव्हतो! बाईंनी बाटलीतले खडे दाखवले आणि पुढच्या भाषणाला पहिल्या रांगेत, पंख्यापासून लांब बसायला सांगितलं. जोशी म्हणाले, भूल चढताना तुम्ही गणपतीला सांगत होतात, बाईंचं ठीक आहे, या उंच माणसाकडे तेवढं लक्ष दे.

घरी सोडताना मामांनी सुनंदाच्या हातात माझी पिशवी ठेवली. वर चिकटपट्टी, त्यावर सुवाच्य अक्षरात: 'परब, नास्तिक. करगोटा, ताईत, लॉकेट, दोरा, दंतमंजन.'

सुनंदाने ते दोनदा वाचलं. पुडी उघडली, वास घेतला, कपाळाला लावली. मग माझ्याकडे वळली.

"आ करा," म्हणाली, आणि चिमूटभर अंगारा थेट जिभेवर टाकला.

आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? चव मंजनासारखीच होती.