मोकळा आलेला डबा

दिनांक १९ जुलै १९७४, शुक्रवार.
हजर माणसं: मी, शालन, वय तेवीस, सांगलीतल्या एका सरकारी कार्यालयात स्टोअर्सची ज्युनिअर क्लार्क. माझी रूम पार्टनर नलिनी, मिरजेच्या हॉस्पिटलात नर्स. कोयनानगर–सांगली गाडीचे कंडक्टर वसंतराव. गावाकडच्या शेजारीण हौसाकाकी. आणि माझे वडील, आबा. आबांना त्या दिवशी हजर धरायचं की नाही, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि, रागावू नका, वाचून हसते. मी याद्या करणारी बाई आहे. घराबाहेर पडताना गॅस, नळ, खिडकी, कुलूप अशी यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. जे मोजता येत नाही ते माझ्या वहीत येत नाही. पण एक गोष्ट माझ्या वहीत पंचवीसेक वर्षं आहे आणि तिच्यापुढे बरोबरची खूण करता आलेली नाही... म्हणून हे लिहिते.

आधी डब्याचं सांगते.

आमचं घर पाटणहून कोयनानगरला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून अर्धा मैल आत. सदुसष्टच्या भूकंपात ते घर पडलं आणि त्यात आई गेली. मी तेव्हा कराडला मावशीकडे शिकत होते. आबा पलटणीत होते. तिच्याजवळ आमच्यापैकी कुणीच नव्हतं. आबा पेन्शन घेऊन आले, त्याच जागेवर पत्र्याचं घर उभं केलं आणि चूल स्वतःच्या हातात घेतली. गावातले लोक चिडवायचे, "हवालदार, बंदूक सोडून फुंकणी धरली व्हय!" आबा म्हणायचे, "बंदूक कवा कवा चुकायची. भाकरी चुकत न्हाई."

मला सांगलीला नोकरी लागली तेव्हा आबांनी जाहीर केलं, "खानावळीचं खायाचं न्हाई." झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते सकाळी साडेसहाला फाट्यावर उभे. हातात पितळी कडीचा डबा, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, गाठ पलटणीतली – ओढली तर घट्ट, टोक उचललं तर मोकळी. गाडी थांबली की डबा वसंतरावांच्या हाती. वसंतराव तो ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचे, त्यामुळे दहा वाजता सांगली स्टँडवर माझ्या हातात यायचा तेव्हा कोमट असायचा. मी आधीचा रिकामा डबा परत द्यायचा, तो संध्याकाळी आबांना मिळायचा. असे दोन डबे फिरत असायचे.

खरं तर ते तीन होते. आईच्या लग्नात तिच्या मामानं तीन सारखे डबे दिले होते. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं – ‘चि. सौ. कां. इंदुमती हिस मामाकडून’. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून दोन निघाले. एकाच्या झाकणाला पोचा, दुसऱ्याच्या बुडाला. तिसरा मिळाला नाही.

आता नियम. डबा मोकळा परत द्यायचा नाही. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा मोकळी जात नाही, निदान चिमूटभर साखर घालून जाते. आईचा हा दंडक आबांनी जसाच्या तसा चालू ठेवला होता. मी घाईची माणूस. मी डब्यात चिठ्ठी घालायची: ‘१. भाकरी कडक. २. ठेच्यात मीठ कमी. ३. गवारीला शिरा.’ आबा रविवारी भेटले की म्हणायचे, "तुझा रिपोर्ट खाऊ का आता मी? साखरंचा कण टाकाय काय हुतंय गं तुला?" मग मी पुढच्या वेळी खडीसाखर, कधी पुडीभर भडंग घालून पाठवायची. भडंग आबांना फार आवडायचं. "सांगलीत येवढी येकच गोष्ट चांगली हाय," म्हणायचे, "दुसरी तिथं ऱ्हाती."

ते दिवस कसे होते म्हणून सांगू... मी आणि नलिनी, एक खोली, एक स्टोव्ह. डबा आला की तिच्या ड्यूटीप्रमाणे वाटणी. रविवारी गावाला गेले नाही तर संध्याकाळी कृष्णेच्या पुलावर वारा खात उभं राहायचं, नलिनीनं वॉर्डातल्या गमती सांगायच्या, मी ऑफिसातल्या. आपण कमावतो, आपली खोली आहे, आपल्या खोलीला आपलं कुलूप आहे – या एवढ्याचाच आनंद पुरायचा. आणि खरं सांगायचं तर त्या आनंदात गावाकडच्या फेऱ्या कमी होत चालल्या होत्या. त्या जुलैत स्टोअर्सची वार्षिक मोजणी होती. सलग चार रविवार मी घरी गेले नव्हते. आबांनी वसंतरावांबरोबर निरोप पाठवला, "लावण सुरू हाय, येकदा येऊन जा." मी उलटा निरोप दिला, "मोजणी झाल्यावर."

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी डबा मोकळा पाठवला. चिठ्ठी नाही, साखर नाही, काही नाही. स्टँडवर पोचायला उशीर झाला होता, गाडी परत लागली होती. वसंतरावांनी डबा हलवून पाहिला.

"ताई, वाजत न्हाई काय आत. आबा बोलतील."

"बोलू देत," मी म्हटलं आणि पळाले.

आता शुक्रवार. सकाळी सव्वादहा. पाऊस. मी झाकणाला पोचा असलेला डबा पिशवीत घेऊन स्टँडवर – यावेळी आठवणीनं भडंगाची पुडी घालून. वसंतरावांनी बॉनेटवरून डबा उचलून दिला. फडकं नव्हतं. नुसता डबा. हाताला कोमट, पण हलका. मी तिथेच झाकण काढलं.

आत काही नव्हतं. घासून, पुसून, कोरडा ठणठणीत.

मी समजले. आबा रुसले. मी मोकळा पाठवला, त्यांनी मोकळा पाठवला – फिट्टंफाट. पहिल्यांदा मला हसू आलं, मग राग आला, आणि मग स्टँडवरच्या त्या चिखलात उभ्या उभ्या मी झाकण लावून पुन्हा उघडून पाहिलं. आबा चिडायचे, बोलायचे, पण मला उपाशी ठेवतील? आई गेल्यावरसुद्धा त्यांनी माझ्या ताटात आधी वाढलं होतं.

"वसंतराव, आबा काही म्हणाले का?"

"मी न्हाई बघितलं. ड्रायव्हरनं घेतला आसंल."

ड्रायव्हर म्हणाला, "मी कशाला घेतोय? मला वाटलं तुमीच ठिवला."

मी त्यावर फार विचार केला नाही, कारण त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. पाऊस, गर्दी, कोणीतरी घेतला असणार. मी ऑफिसात जाऊन हेडक्लार्कपुढे अर्ज ठेवला. ते म्हणाले, "मोजणीच्या आठवड्यात रजा? कारण काय लिहिलंय हे – ‘घरगुती’?"

"वडील रुसलेत," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यांनाही मुली असाव्यात.

दोन्ही डबे पिशवीत घालून मी साडेअकराची तीच गाडी पकडली. वाटेत कराडपर्यंत भांडणाची तयारी केली, मुद्दे क्रमानं. कराडच्या पुढे पाऊस वाढला आणि मुद्दे संपले. फाट्यावर उतरले तेव्हा चार वाजले होते.

हौसाकाकी वाटेतच भेटल्या, डोक्यावर इरलं. "शाले? तू कशी काय? आबा तुझ्याकडंच गेल्यात न्हवं?"

"माझ्याकडे? नाही!"

"आगं, काल सकाळधरनं चुलीचा धूर न्हाई. म्या म्हनलं, पोरीकडं गेलं आसत्याल. पोर येईना म्हनून..."

आम्ही पळत गेलो. दार नुसतं लोटलेलं. आबा खाटेवर, घोंगडीत. अंग भट्टीसारखं, श्वास घरघरत होता, हाक मारली तर डोळे उघडेनात. लावणीच्या चिखलात दोन दिवस भिजले, तिसऱ्या दिवशी आडवे झाले, आणि कुणाला सांगायचं नाही हा पलटणीतला हट्ट. चूल गार होती. पिठाच्या डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

पुढचं भरभर सांगते. धरणाच्या कॉलनीतली जीप मिळाली, रात्री कराड, सकाळी मिरज. नलिनीनं तिच्या वॉर्डात खाट मिळवली. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर आमच्या हाती काही उरलं नसतं. तीन दिवस मी खाटेपाशी स्टुलावर बसून होते. वहीत ताप लिहायचा, औषधाची वेळ लिहायची. लिहायला काहीतरी होतं म्हणून बरं.

चौथ्या दिवशी आबांनी डोळे उघडून पहिलं वाक्य टाकलं, "मोजनी झाली का तुझी?"

मी रडले. मग भांडले. म्हटलं, "एवढा ताप असताना फाट्यापर्यंत मोकळा डबा घेऊन चालत जायची काय गरज होती? रुसायची ही पद्धत झाली?"

आबांनी उशीवरून मान उचलली. "कसला डबा?"

"शुक्रवारचा."

"आगं, बुधवार रातीधरनं मी खाटंवरनं उठलो न्हाई. डबा कोन धाडतंय?"

मला वाटलं, तापात विसरले. त्याच दुपारी हौसाकाकी आल्या, आबांसाठी मऊ भात घेऊन. घरच्या फळीवर पालथा घातलेला डबा होता, म्हणाल्या, त्यातच आणला. बुडाला पोचा असलेला. मी तो खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला. तिथे आधीच माझ्या पिशवीतले दोन डबे होते.

नलिनी थर्मामीटर झटकत आली आणि सहज म्हणाली, "अगं, तुमचे डबे दोनच ना?"

मी मोजले. परत मोजले. स्टोअर्सची क्लार्क आहे, मोजण्यात चूक करत नाही. एक, झाकणाला पोचा. दोन, बुडाला पोचा. तीन – पोचा नाही. ओरखडाही नाही. झाकणावर तीच टिंबं, तेच नाव. आत कल्हई नवी, पांढरी लख्ख.

हौसाकाकींनी पदर तोंडाला लावला. आबांनी हात पुढे केला, मी तिसरा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. मग कडीच्या खाचेत बोट घालून पाहिलं.

"हितंपातूर घासलाय बघ," ते म्हणाले. "कडीच्या खाचंत तुझी आयच घासायची. मला तर ते कवा जमलंच न्हाई."

मग मीच म्हटलं, कारण ते मला सलत होतं, "पण आबा, मोकळा आला. आई कधी मोकळा पाठवायची?"

आबांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. मग हळूच म्हणाले, "घाईत आसंल."

मी माझ्या परीनं शोध केला, तोही लिहून ठेवते. ढिगाऱ्यातून तेव्हा कुणी डबा नेला असेल, मग त्याचं मन त्याला खात राहिलं असेल, नाव वाचून गाडीत ठेवला असेल – हे मी अर्धं मान्य करते. पण मग त्याच शुक्रवारी का? आणि लख्ख घासून, नव्या कल्हईनं? पाटण, कराड दोन्हीकडच्या कल्हईवाल्यांना डबा दाखवला. कुणाच्या हातचा नाही. वसंतराव रिटायर होईपर्यंत म्हणत राहिले, "ताई, फाट्यावर त्या दिवशी मी बेल मारलीच न्हाई. कोन नव्हतंच उभं." ड्रायव्हर म्हणायचा, गाडी थांबली होती. कुणाचं खरं, मला माहीत नाही. खुलासा नाही. आजही नाही.

आबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मी एकही रविवार चुकवला नाही. डबे दोनच फिरत राहिले. तिसरा आबांनी फळीवर वेगळा ठेवला आणि मला बजावलं, "त्यो आपला न्हाई. परत द्यायचा हाय. आन मोकळा न्हाई द्यायचा, काय?"

आता तो माझ्याकडे आहे. दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी मागची राहिलेली कामं उतरवून घेते. बहुतेक सगळी सुटतात. हे सुटत नाही: ‘तिसरा डबा परत करणे.’ आत काय घालायचं ते कधीच ठरलंय, थोडी खडीसाखर आणि वर भडंग. दर दिवाळीला मी तो घासते, कडीच्या खाचेतसुद्धा, भरते, फडक्यात बांधते, आबांची ती गाठ मारते... आणि कुणाच्या हाती द्यायचा ते न कळून पुन्हा सोडते.